निम्म्या ग्रंथाची लढाई

ओल आली तेव्हा बशीएवढी होती. पलंगाच्या बरोबर वर, छताच्या पांढऱ्या रंगावर, ओली बशी टेकवून उचलल्यासारखा एक पिवळसर डाग. काना सकाळी उताणा पडल्या पडल्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने उशाशी ठेवलेली पेन्सिल घेतली, पलंगावर उभा राहिला, डागाच्या कडेने बारीक रेघ ओढली आणि शेजारी एक प्रश्नचिन्ह काढले. जन्मभर प्रुफे तपासलेल्या माणसाकडून दुसरे काय होणार?

"अहो, छतावर काय लिहिताय?" बायकोने दारातून विचारले.

"खूण केलीय. वाढतोय का ते कळेल."

"वाढणारच. वर भावोजींची बाथरूम आहे. जाऊन सांगा, संपलं."

संपलं म्हणे! जगातली निम्मी भांडणे 'जाऊन सांगा, संपलं' इथूनच सुरू होतात. पण हे कान्याला तेव्हा कळायला मार्ग नव्हता, आणि पुढेही, खरे सांगायचे तर, त्याला कशातलेच फारसे काही कळले नाही.

काना हे त्याचे छापखान्यातले नाव. उंच, किडकिडीत, आणि खुर्चीत बसला तरी उभाच आहे असे वाटायला लावणारा. वरच्या मजल्यावरचे भावोजी म्हणजे नात्याने कोणी नव्हे, त्याचा मित्र मात्रा. बुटका, चालताना एका अंगाला कललेला. दोघेही एकाच छापखान्यात प्रूफरीडर, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसणारे, त्यामुळे ही नावे त्यांना आपोआपच चिकटली. मात्रा लेखकाचे हस्तलिखित मोठ्याने वाचायचा आणि काना समोरच्या प्रुफावर पेन्सिल फिरवायचा. अशा रीतीने दोघांनी मिळून पाकशास्त्रापासून फौजदारी कायद्यापर्यंत सगळे काही वाचले होते, आणि त्यातले अक्षरही दोघांच्या डोक्यात शिरले नव्हते. चांगल्या प्रूफरीडरचे ते लक्षणच आहे. तो अक्षरे बघतो. अर्थाकडे बघू लागला की चुका निसटतात.

यात एक गोष्ट अशी होती, की ती कान्याला ठाऊक होती आणि त्याने ती बायकोलाही कधी सांगितली नव्हती. मात्राला बारीक टाइप दिसेनासा झाला होता. लेखकांची मोठमोठी वळणे तो कागद खिडकीकडे धरून वाचू शके, पण प्रूफ तपासणे आता त्याच्या डोळ्यांना झेपणारे नव्हते. हे मालकांच्या कानावर गेले असते तर मात्राची नोकरी त्याच दिवशी संपली असती. मात्रा एकटा, घरात फक्त थोरली बहीण. छापखाना गेला तर त्याने दिवसभर करायचे काय, हा प्रश्न कान्याला अधूनमधून पडायचा आणि तो घाईघाईने दुसरा विचार करू लागायचा.

तर काना वर गेला. मात्रा दाढी करत होता.

"तुझी बाथरूम गळतेय."

"माझी? चल, दाखवतो." मात्राने त्याला हाताला धरून नेले. "बघ. ठणठणीत कोरडी. हात लावून बघ."

"वर कोरडी असेल. खाली गळते."

"म्हणजे वरून कोरडं पाणी निघतं आणि वाटेत ओलं होतं?"

"मग माझ्या छताला काय घाम फुटलाय?"

"फुटला असेल. तुझंच छत ते. तुझ्यासारखंच उगाच घाबरणार."

इथपर्यंत ठीक होते. इतके तर ते रोज एखाद्या अनुस्वारावरूनही बोलत. पण कान्याने खाली वाकून फरशीच्या सांध्यात एक भेग शोधून काढली आणि म्हटले, "ही काय, एवढी मोठी भेग! दिसत नसेल तर चष्मा बदल."

मात्राचा चेहरा अर्ध्या फेसासकट पडला. "खाली जा," तो म्हणाला. कान्याला वाटले, थट्टा करतोय. मात्राने दार लावून घेतले तेव्हा कळले की थट्टा नव्हती. आपण नक्की काय बोललो हे जिन्यात त्याच्या लक्षात आलेही, पण तोवर दार लागले होते, आणि लागलेल्या दाराचा अपमान फार मोठा असतो. आपले काय चुकले हे आठवण्यापेक्षा आपल्या तोंडावर दार लावले हे आठवणे त्याला सोपे गेले.

नेमक्या त्याच आठवड्यात छापखान्यात तो ग्रंथ आला. एका निवृत्त प्राध्यापकांनी अर्धे आयुष्य घालून लिहिलेला, एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातल्या युद्धशास्त्रज्ञांवरचा आणि पुढच्या युद्धांवर पडलेल्या त्यांच्या प्रभावावरचा. दोन माणसांनी उचलून आणावे लागले इतके हस्तलिखित. काना मालकांच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "या वेळी आम्हाला वेगवेगळं काम द्या. मी त्या टेबलावर बसणार नाही."

मालकांना कायमचे पित्त. त्यांना कारणे ऐकायला वेळ नसे. "मग फर्मे वाटून घ्या," ते म्हणाले. "विषम तू घे, सम त्याला दे. हस्तलिखिताची पानंही तशीच वाटा. मला वेळेत हवंय."

फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एका वेळी छापायची सोळा पाने. फर्मा सोळाव्या पानावर संपतो, मग तिथे वाक्य संपलेले असो वा नसो. म्हणजे ग्रंथाची पहिली सोळा पाने कान्याकडे, पुढची सोळा मात्राकडे, त्यापुढची पुन्हा कान्याकडे. मात्राने एका शब्दाने हरकत घेतली नाही. आपला गठ्ठा उचलला आणि खिडकीजवळच्या टेबलाकडे गेला. रागाच्या भरात कान्याला एवढेच दिसले की तो आपल्याकडे न बघता गेला.

समोर वाचणारे कोणी नसल्यामुळे कान्याच्या आयुष्यात प्रथमच छापलेल्या मजकुराचा अर्थ त्याच्या डोक्यात शिरू लागला. पहिला युद्धशास्त्रज्ञ रेघा आखणारा होता. त्याच्या मते युद्ध म्हणजे भूमिती. शत्रूच्या रसदेच्या वाटा शोधाव्यात, जिथे घाव घातला की निकाल लागतो अशी निर्णायक जागा हेरावी, आणि आपले सारे बळ तिथे एकवटावे. काना खुर्चीत ताठ बसला, म्हणजे आधी होता त्याहूनही. इतकी वर्षे हे कोणी आपल्याला सांगितले कसे नाही? त्याने प्रुफाच्या मागच्या बाजूला इमारतीचा नकाशा काढला. वर शत्रू, खाली आपण, मध्ये जिना. रसदेची वाट म्हणजे अर्थातच पाण्याची नळी.

फर्म्याच्या शेवटी दुसरा युद्धशास्त्रज्ञ आला. हा खोल आणि अवघड बोलणारा. ग्रंथ पुरा न करताच तो वारला आणि त्याच्या बायकोने तो छापून आणला. हे कान्याने घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "बघा, शेवटी निस्तरलं कोणी?" या दुसऱ्याचे म्हणणे असे की, युद्धात सगळे काही साधे असते, पण सर्वांत साधी गोष्टच अवघड होऊन बसते, कारण

इथे फर्मा संपला. कारण पुढच्या फर्म्यात होते, आणि तो मात्राकडे होता. जाऊन विचारणे शक्यच नव्हते. काना कारणावाचून लढाईला निघाला.

आधी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे. तिथे पोचेपर्यंत जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाने सल्ला दिला. तळमजल्यावरच्या औषधवाल्याने ओल शोषून घेणारा रंग सुचवला. पहिल्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, डागावर एखादे चित्र चिकटवा, आमच्याकडे सगळ्या डागांवर चित्रेच आहेत. सेक्रेटरींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"वरच्यांचं पाणी बंद करून बघायचं तर अर्ज लागेल," ते म्हणाले. "अर्जावर वरच्यांची संमती लागेल."

"पण त्याच्याशीच तर माझं भांडण आहे!"

"म्हणूनच लागते. भांडण नसतं तर अर्ज कशाला लागला असता?"

यात काहीतरी चुकतेय असे कान्याला वाटले, पण काय ते सापडेना. तो पालिकेच्या कचेरीत गेला. पहिल्या खिडकीने विचारले, गळती रस्त्यावर की घरात? घरात म्हटल्यावर दुसरी खिडकी दाखवली. दुसऱ्या खिडकीने विचारले, "ठिबकतं का?"

"नाही. ओल आहे."

"ओल म्हणजे गळती नव्हे. थेंब पडला की या."

तेव्हापासून काना थेंबासाठी देव पाण्यात घालून बसला. सकाळी उठल्याबरोबर तोंड वर करून बघायचा. डाग ताटाएवढा झाला, परातीएवढा झाला, पेन्सिलीच्या रेघा झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारख्या वाढत गेल्या, आणि एके दिवशी थेंब पडला तो थेट त्याच्या कपाळावर. "पडला! पडला!" करत तो उठला. बायकोला वाटले पंखा पडला. कचेरी उघडायच्या आधी तो दारात हजर होता.

"थेंब पडतोय? म्हणजे तातडीची दुरुस्ती," खिडकीतला म्हणाला. "तिला आमची परवानगी लागतच नाही. तुमची तुम्ही करा."

एवढे दिवस ज्या परवानगीसाठी हेलपाटे घातले ती लागतच नव्हती, यावर आनंद मानावा की संताप, हे कान्याला ठरवता येईना. त्याने रसदेवरच घाला घालायचे ठरवले. नकाशात वरच्या घराला जाणारी एकच नळी होती, कारण नकाशा त्यानेच काढला होता. गच्चीवर मात्र नळ्यांचे नुसते जंजाळ होते आणि सगळ्या नळ्यांना सारखेच चावी-वाल्व. नकाशा उलटा धरून, सुलटा धरून, शेवटी त्याने निर्णायक वाटणारा वाल्व हेरला, सारे बळ एकवटले आणि तो बंद केला. वाल्व इतका जुना होता की बंद झाला तो पुन्हा उघडेचना.

जिन्यात सेक्रेटरी उभे होते. कमरेला टॉवेल, तोंडाला साबण, डोळे मिटलेले. "पाणी कोणी बंद केलं?" ते जिन्याला विचारत होते. सगळ्या इमारतीचे पाणी गेले होते, एक मात्राचे सोडून, कारण मात्राने घरातली सगळी पिंपे, बादल्या आणि भांडी आधीच भरून ठेवली होती. त्याच्या वाट्याच्या फर्म्यात वेढ्याला तोंड कसे द्यावे याचे प्रकरण असावे. त्याची बहीण, जिला सगळे ताई म्हणत, एक बादली घेऊन खाली आली. अर्धी तिने सेक्रेटरींना दिली आणि अर्धी कान्याच्या बायकोला. "घे गं," ताई म्हणाल्या, "पुरुषांची लढाई आहे, आपल्याला भात टाकायचाय."

आता चूक आपली नसून ज्या नळ्यांनी नकाशाप्रमाणे वागायला नकार दिला त्यांची आहे, असे कान्याचे मत झाले. प्लंबर बोलावून वाल्व उघडून घेतला आणि लगेहात त्याच प्लंबरला घेऊन त्याने थेट वरच्या दारावर चढाई केली.

"ताई, दार उघडा. प्लंबर आलाय, बाथरूम बघायचीय."

आतून ताईंचा आवाज आला. "तो घरी नाही."

"मला त्याचा खोकला ऐकू येतोय."

आत कुजबुज झाली. "तो म्हणतोय की तो घरी नाही."

"नाही म्हटलं ना एकदा!" आतून मात्रा ओरडला.

प्लंबर कान्याकडे बघू लागला. "साहेब, घरात नसलेला माणूस बोलतोय. मी काय करू?" काना त्याला घेऊन खाली आला. बचाव हीच युद्धाची अधिक बळकट बाजू आहे, हे त्या दुसऱ्या युद्धशास्त्रज्ञाने अगदी स्पष्ट लिहून ठेवले होते. पण सम फर्म्यात.

पुढच्या विषम फर्म्यात काना अशा जागी येऊन पोचला की वाचता वाचता त्याची पेन्सिल थांबली. प्रत्येक शत्रूला एक भारकेंद्र असते, असे तिथे म्हटले होते. त्याची सारी ताकद ज्यावर तोलून धरलेली असते अशी एक गोष्ट. तिच्यावर घाव बसला की बाकीचे आपोआप कोसळते. काना विचार करू लागला, मात्राचे असे काय असेल? आणि विचार न करताच त्याला उत्तर सुचले. मालकांच्या खोलीचे दार चार पावलांवर होते. एक वाक्य पुरले असते.

इतका नीच विचार आपल्या डोक्यात आला याची कान्याला लाज वाटली, आणि मग आपण तो झटकून टाकला याचा अभिमान वाटला. नाही, तिथे कधीच घाव घालायचा नाही. लढाई लढाईसारखी करायची. संध्याकाळी घरी जाताना तो स्वतःच्या सज्जनपणावर इतका खूष होता, की खिडकीजवळच्या टेबलाशी मात्रा नाक कागदाला टेकेपर्यंत वाकून बसला आहे, हे त्याने पाहिले आणि त्याचे काहीच मनात आणले नाही.

सज्जनपणाने लढायचे म्हणजे आता आपल्याच मुलखातून. प्लंबर म्हणाला होता की वरून बघता येत नसेल तर खालून फोडून बघू. बायको नको म्हणत होती. "एवढंसं भगदाड पाडायचंय," काना म्हणाला. हल्ला कितीही जोरात असला तरी एका टप्प्यापुढे तो हल्लेखोरालाच महाग पडतो आणि तो टप्पा ओळखता आला पाहिजे, अशीही एक गोष्ट त्या ग्रंथात होती. कुठल्या फर्म्यात, ते सांगायला नकोच.

प्लंबरने छिन्नी लावली आणि दोन घाव घातले. तिसरा घालावाच लागला नाही. छताचा गिलावा पेन्सिलीच्या सगळ्या वर्तुळांसकट, प्रश्नचिन्हासकट, पलंगावर आला. धूळ खाली बसल्यावर कान्याला छतातून डोकावणारा एक गंजका पाइप दिसला आणि त्यातून पडणारी पाण्याची बारीक धार.

"वरच्यांचं पाणी," काना विजयाने म्हणाला.

"वरच्यांचं असेल," प्लंबर म्हणाला. "भिंतीतलं पण असू शकतं. हा पाइप सगळ्या इमारतीचा वाटतोय. किंवा नसेल."

"वरच्यांचं नाहीच ते," बायको पलंगावरची चादर झटकत म्हणाली. "भावोजी वरची बाथरूम वापरतच नाहीत कधीपासून."

"वापरत नाहीत?"

"ते म्हणाले, वापरली की शत्रूला पुरावा मिळेल. ताईंनाही वापरू देत नाहीत."

"मग आंघोळ कुठे करतात?"

बायकोने कान्याच्या बाथरूमकडे बोट दाखवले. "तुम्ही छापखान्यात गेलात की दोघं येतात. भावोजींचा पंचा तुमच्या मागेच वाळत असतो. बघितला नाहीत?"

काना गिलाव्याच्या ढिगावर बसला. म्हणजे शत्रू रोज आपल्याच घरात आंघोळ करून, आपल्याच आरशात भांग पाडून, आपल्याशी लढायला छापखान्यात येत होता. म्हणजे वरची बाथरूम खरेच ठणठणीत कोरडी होती. म्हणजे आपण कोणाशी लढत होतो? वर जाऊन दार ठोठावावे, माफी मागावी, असे त्याला फार वाटले. पण गुडघ्यापर्यंत चुना लागलेल्या माणसाने माफी मागायला जाणे बरे दिसत नाही. आधी आंघोळ करावी, असे त्याने ठरवले. मग आंघोळ करताना त्याला पुन्हा ते लागलेले दार आठवले आणि त्याने उद्यावर टाकले.

दुसऱ्या दिवशी मालकांनी दोघांना खोलीत बोलावले. आत प्राध्यापक बसले होते. त्यांनी हातातले प्रूफ टेबलावर आपटले.

"माझ्या ग्रंथात एक सैन्य नदी ओलांडतं," प्राध्यापक म्हणाले, "आणि पुढच्या ओळीत पुन्हा तीच नदी तश्शीच ओलांडतं. इथे आख्खा परिच्छेद गायब. इथे जिंकलेला सेनापती शरण जातोय. हे तपासलेलं प्रूफ आहे? मी माझा ग्रंथ घेऊन जातो!"

"चुका सगळ्या काही ठरावीक फर्म्यांतच आहेत," मालक म्हणाले. त्यांनी पोटावर हात धरला होता. "बाकीचे फर्मे स्वच्छ. ज्याने हे वाचले त्याने उद्यापासून घरी बसायचं. कोणाला कुठले दिले ते माझ्या लक्षात नाही. कोणी वाचले?"

कान्याने टेबलावरच्या पानांकडे पाहिले. सगळे सम फर्मे. आणि तेव्हा, इतक्या उशिरा, त्या मूर्खाला कळले. जो घाव आपण घालणार नाही म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली, तो आपण पहिल्याच दिवशी घालून बसलो होतो. 'वेगवेगळं काम द्या' म्हणालो तेव्हाच. मात्राकडे बघायचे त्याला धाडस होईना.

"मी वाचले," काना म्हणाला.

"खोटं बोलतोय," मात्रा म्हणाला. "सम फर्मे माझे. माझ्या चुका."

"आम्ही अदलाबदल केली होती."

"कधी केली? तू माझ्याशी बोलत नाहीस. न बोलता अदलाबदल कशी करशील?"

"तू घरी नव्हतास तेव्हा केली!"

"मी घरीच होतो!"

"तूच म्हणालास नाहीस म्हणून!"

मालक एकदा याच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत होते. "तुम्ही एकमेकांशी भांडताय की एकमेकांसाठी भांडताय?" त्यांनी विचारले. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवले. "मग दोघंही जा," मालक म्हणाले. "कटकट नको."

"थांबा," प्राध्यापक म्हणाले. "शेवटचं प्रकरण अजून राहिलंय. प्रभावाचं. ते मी आजारपणात लिहिलंय, अक्षर मलाच लागत नाही." त्यांनी मात्राकडे बोट केले. "मागच्या पुस्तकाच्या वेळी यांना माझं असलंच अक्षर लागलं होतं."

मालकांनी कपाळाला हात लावला. "ठीक. ते एक प्रकरण दोघं मिळून वाचा, पूर्वीसारखं. बिनचूक आलं तर बघू, नाहीतर दोघांनाही रामराम. मी बाहेर बसतोय. वाचल्याचा आवाज आला पाहिजे. भांडल्याचा नाही."

दोघे जुन्या टेबलाशी समोरासमोर बसले. मात्राने हस्तलिखित उजेडाकडे धरले, कान्याने प्रुफावर पेन्सिल ठेवली. जोडीने वाचताना विरामचिन्हेही मोठ्याने म्हणायची असतात, नाहीतर ऐकणाऱ्याला ती कळणार कशी. मात्राने घसा साफ केला आणि आपल्या त्या एकसुरी, फाटक्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"पुढच्या पिढ्यांतल्या सेनापतींवर या ग्रंथाचा फार मोठा प्रभाव पडला, स्वल्पविराम, परंतु त्यांतल्या अनेकांनी तो निम्माच वाचला होता, पूर्णविराम. हल्ल्याची प्रकरणे त्यांनी पाठ केली, स्वल्पविराम, बचावाची नुसती चाळली, स्वल्पविराम, आणि युद्ध नक्की कशासाठी करायचे, स्वल्पविराम, हे जिथे सांगितले होते तिकडे फिरकलेच नाहीत, पूर्णविराम."

कान्याची पेन्सिल ओळीखालून सरकत होती. अक्षरे बरोबर होती. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

"असल्या सेनापतींना गाढव म्हणतात, पूर्णविराम," मात्राने त्याच सुरात पुढे वाचले.

कान्याने प्रूफ शोधले. "हे इथे नाही."

"इथेही नाही, स्वल्पविराम, मी सांगतोय, पूर्णविराम." मात्राने नजर कागदावरून हलवली नाही. बाहेर मालकांची खुर्ची करकरली. "दोन गाढवं होती, स्वल्पविराम, एक वरच्या मजल्यावर राहायचं, स्वल्पविराम, एक खालच्या, पूर्णविराम."

"मी ते चष्म्याचं बोललो," काना हळू आवाजात म्हणाला, "ते चुकलं माझं."

"चुकलं नव्हतं, पूर्णविराम. मला बारीक टाइप दिसत नाही, पूर्णविराम. बरेच दिवस झाले, पूर्णविराम. मी कोणाला सांगितलेलं नाही, पूर्णविराम."

"मला माहीत होतं."

मात्राचा आवाज थांबला. बाहेरून खाकरल्याचा आवाज आला तसा तो पुन्हा घाईने सुरू झाला. "कधीपासून, प्रश्नचिन्ह."

"आपण आधी आलटून पालटून वाचायचो. एक दिवस तू, एक दिवस मी. मग तू म्हणालास, माझा आवाज बरा आहे, यापुढे मीच वाचतो." काना पेन्सिलीचे टोक बघत होता. "तुझा आवाज कधीच बरा नव्हता रे."

हातातला कागद मात्राने खाली ठेवला, पुन्हा उचलला. "मग इतकी वर्षं," तो म्हणाला, आणि त्याचा तो फाटका आवाज आणखीनच फाटला, "इतकी वर्षं तू तो ऐकत का बसलास, प्रश्नचिन्ह."

याचे उत्तर कान्याला चांगले ठाऊक होते. द्यायला म्हणून त्याने तोंड उघडलेही. पण प्रुफावरची सगळी अक्षरे एकाएकी पाण्यात बुडाल्यासारखी हलू लागली आणि आपण कुठल्या ओळीवर होतो हेच त्याला दिसेना.

"वाचन का थांबलं?" बाहेरून मालक ओरडले.

"ओळ शोधतोय," दोघांनी एकदमच सांगितले.